वाचक विचारतात: ओडूमध्ये आपलं स्वतःचं मॉड्यूल

ओडू म्हणजे धंद्याचा सगळा कारभार एका जागी सांभाळायचं (ज्याला ईआरपी म्हणतात) बेल्जियमचं सॉफ्टवेअर. २००५ साली टायनी ईआरपी म्हणून सुरू झालं, मग ओपन ईआरपी झालं आणि २०१४ पासून ओडू. विक्री, खरेदी, स्टॉक, बिलं असे वेगवेगळे मॉड्यूल, जे लागतील तेवढे टाकायचे, आणि नसेल ते पायथनमध्ये स्वतः लिहायचं. या "स्वतः लिहायचं" वरच यावेळी सगळी पत्रं आलीत.

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा तासगावला बेदाण्याचा व्यापार आहे. बाबा वहीत लिहितात आणि मी एक्सेलमध्ये. बी.कॉम. झालंय, पायथन यूट्यूबवर बघून थोडं शिकलोय. माल चार-पाच कोल्ड स्टोरेजला असतो आणि कुठल्या शेतकऱ्याचे किती बॉक्स कुठे आहेत हे ऐनवेळी सापडत नाही. ओडूमध्ये बेदाण्याचं पूर्ण सॉफ्टवेअर बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: पूर्ण सॉफ्टवेअर बनवायचंच नाही, तेच तर ओडूचं सुख आहे. आधी आठ दिवस एक ओळही कोड न लिहिता कम्युनिटी एडिशन, म्हणजे ओडूची फुकट आवृत्ती, आपल्या लॅपटॉपवर टाका, स्टॉकचं मॉड्यूल इन्स्टॉल करा आणि बाबांच्या वहीतली खरी दहा पानं त्यात भरून बघा. तुमचा बॉक्स १५ किलोचा, तर ते युनिट ऑफ मेझरमध्ये बसतं, कोड शून्य. प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा ठेवायचा तर लॉट नंबर, म्हणजे मालाच्या एका खेपेला दिलेला नंबर, आहेच. हिरवा, पिवळा, काळा हे प्रॉडक्टचे व्हेरिएंट करता येतात आणि प्रत्येक कोल्ड स्टोरेज म्हणजे एक लोकेशन. आता मागे काय उरतं ते बघा, कोल्ड स्टोरेजच्या पावतीचा नंबर, माल आत गेल्याची तारीख आणि भाडं. एवढंच! तुमचं मॉड्यूल या तीन गोष्टींचं आणि पहिलं मॉड्यूल एवढंच असावं असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना लॉटचं जे मूळ मॉडेल (म्हणजे माहिती ठेवायचा साचा) आहे, स्टॉक डॉट लॉट, त्यालाच इनहेरिट करायचं, म्हणजे त्यातच आपली भर घालायची. इथे नवीन लोकांची एक चूक हमखास होते, क्लासमध्ये अंडरस्कोर इनहेरिट लिहितात आणि सवयीने वर अंडरस्कोर नेममध्ये नवीन नावपण देतात. नवीन नाव दिलं की ओडू वेगळं टेबल तयार करतं, तुमची फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, त्या नव्या टेबलात जातात आणि लॉटच्या फॉर्मवर ती येतच नाहीत, मग माणूस दोन दिवस व्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीच्या, एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसतो. फक्त इनहेरिट लिहा, नेम नको. आणि कुठल्या फील्डचं आतलं नाव काय हे शोधायला डेव्हलपर मोड चालू करा, फील्डवर माउस नेला की नाव आणि मॉडेल दोन्ही दिसतं, मी अजूनही रोज तेच करते.

शिकायला ऑफिशियल डॉक्युमेंटेशनमधलं सर्व्हर फ्रेमवर्क १०१ घ्या. त्यात घरं विकायच्या जाहिरातींचं मॉड्यूल शून्यापासून बनवून घेतात. फक्त वाचू नका, हाताने टाइप करा.

प्रश्न (याच वाचकाचं महिन्याभरानंतरचं पत्र): ताई, मॉड्यूल चाललं! पण एक अडलंय. माल किती दिवस आत आहे याचं एक कॉम्प्युट फील्ड केलं, आजची तारीख वजा आत गेल्याची तारीख. ज्या दिवशी केलं त्या दिवशी ४० दाखवलं आणि आठवड्याने बघितलं तरी ४० च. बाबा म्हणाले वही बरी होती.

उत्तर: बाबांना सांगा एकाच शब्दाचा घोळ आहे. तुम्ही त्या फील्डला स्टोअर ट्रू दिलं असणार, म्हणजे मोजलेलं उत्तर टेबलात साठवून ठेव. स्टोअर केलेलं कॉम्प्युट फील्ड कधी परत मोजलं जातं? डिपेंड्समध्ये, म्हणजे हिशोब कशावर अवलंबून आहे त्या यादीत, जी फील्ड लिहिलीत त्यातलं काही बदललं की. तुमच्याकडे तिथे आत गेल्याची तारीख लिहिलेली आहे आणि ती तर बदलतच नाही, बदलतो तो कॅलेंडरवरचा दिवस, आणि दिवस बदलला हे डेटाबेसला कोणी येऊन सांगत नाही. म्हणून ४० तसाच टेबलात पडून राहिला.

स्टोअर काढून टाका, मग फॉर्म उघडला की दरवेळी ताजा हिशोब होईल. पण मग त्या फील्डवर शोध घेता येत नाही, सर्च मेथड वेगळी लिहावी लागते, आणि "९० दिवसांच्या वरचा माल दाखव" हे तर तुम्हाला लागणारच. माझं मत विचाराल तर दिवस ठेवूच नका, तारीख ठेवलीय ना, फिल्टर तारखेवर लावा, ९० दिवसांपूर्वीच्या तारखेच्या आधी आलेला माल. दिवसांचा आकडा फक्त बघण्यापुरता. भाड्याचा आकडा मात्र माल बाहेर काढायच्या दिवशी एकदा मोजून पक्का करून ठेवा, कारण तो पुढे बिलात जातो आणि बिलातला आकडा नंतर हलला तर शेतकऱ्याचा विश्वास जातो.

प्रश्न: मी नाशिकला एका छोट्या कंपनीत नवीन लागलेय. मॉड्यूल बनवलं, इन्स्टॉल झालं, एरर काहीच नाही, पण मेन्यूच दिसत नाही. ॲडमिनने लॉगिन केलं तरी नाही. व्हिडिओत तर सेम असंच केलंय.

उत्तर: सिक्युरिटीच्या फोल्डरमधली सीएसव्ही फाइल बघ. नवीन मॉडेल बनवलं की ते वाचायची परवानगी कुणालाच नसते, ॲडमिनलासुद्धा नाही, आणि ज्याचं मॉडेल वाचता येत नाही त्याचा मेन्यू ओडू गुपचूप लपवतं. त्या फाइलमध्ये एका ओळीत मॉडेलचं नाव, कुठला ग्रुप, आणि शेवटी चार आकडे, वाचणं, बदलणं, नवीन करणं, काढून टाकणं, हो असेल तर १ नाही तर ०. मॉडेलचं नाव तिथे डॉटने नाही लिहायचं, पुढे मॉडेल अंडरस्कोर लावायचं आणि मधल्या डॉटच्या जागीपण अंडरस्कोर. आणि फाइल लिहून मॅनिफेस्टच्या (मॉड्यूलची ओळख सांगणाऱ्या फाइलच्या) डेटामध्ये तिचं नाव टाकायला विसरलीस तरी हेच होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये या मॉडेलला ॲक्सेस रूल नाहीत अशी ओळ आलेली असेल, लॉग वाचायची सवय आत्ताच लाव.

व्हिडिओचं म्हणशील तर आधी व्हर्जन बघ. व्हर्जन १७ ला व्ह्यूमधलं ॲटर्स (फील्ड कधी लपवायचं वगैरे अटी लिहायची जुनी पद्धत) बंद झालं, आता अट सरळ इनव्हिजिबलमध्येच लिहितात, १८ ला ट्री व्ह्यूचं नाव लिस्ट झालं. दरवर्षी नवीन व्हर्जन येतं, त्यामुळे जुना व्हिडिओ चुकीचा नसतो, तो जुन्या व्हर्जनचा असतो.

आणि अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. मूळ ओडूच्या फाइलमध्ये हात घालू नकोस, कितीही घाई असली तरी. मी नवीन असताना एका ठिकाणी विक्रीच्या मूळ फाइलमध्येच दोन ओळी बदलल्या होत्या, कारण क्लायंट समोर बसलेला. चार महिन्यांनी कोणीतरी सर्व्हर अपडेट केला, त्या ओळी गेल्या आणि दीड दिवस बिलांवर चुकीचा डिस्काउंट छापला गेला. त्या बिलांचे गठ्ठे मी स्वतः बसून तपासलेत. तेच काम वेगळ्या मॉड्यूलमध्ये इनहेरिट करून दहा मिनिटांचं होतं.

प्रश्न: कोल्हापूरहून लिहितोय. शिकायचंच तर ओडू की ईआरपीनेक्स्ट? आमच्याकडे दोन्हीची नावं ऐकू येतात.

उत्तर: ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, पूर्ण ओपन सोर्स. त्यात डॉकटाइप नावाची गोष्ट आहे, ब्राउझरमध्येच फील्ड मांडली की टेबल, फॉर्म, लिस्ट, परवानग्या सगळं तयार, म्हणून पहिल्या आठवड्यात हुरूप खूप येतो. ओडूमध्ये तेच एक्सएमएल हाताने लिहावं लागतं. ओडूचं पूर्ण अकाउंटिंग आणि कोड न लिहिता बदल करायचा स्टुडिओ हे पैसे भरून एंटरप्राइजमध्येच मिळतं, आणि ओडू ऑनलाइनवर तर स्वतः लिहिलेलं मॉड्यूल टाकताच येत नाही, त्यासाठी ओडू डॉट एसएच (ओडूचंच वेगळं होस्टिंग) किंवा स्वतःचा सर्व्हर लागतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

दोन्हीकडे पायथन आहे, एक नीट आलं की दुसरं परकं वाटत नाही. ज्याच्यासाठी बनवायचंय तो माणूस जवळ असेल तर त्याच्याकडे जे चालू आहे तेच शिका. त्याच्या दुकानात बसून एखादी पावती तो कशी फाडतो, कुठे सही घेतो, कार्बन कॉपी कुणाला देतो हे बघा आणि त्या पावतीचा फोटो काढून आणा, तुमच्या पहिल्या मॉड्यूलची फील्ड त्या फोटोतच आहेत.