गाभण माद्या घेण्याआधी नरांचं काय करणार ते ठरवा

मेलबर्नबाहेर पाच एकर जागा घेतली आहे, आम्ही दोघं आणि दोन शाळकरी मुलं मिळून अल्पाकांची, म्हणजे उंटाच्या कुळातल्या या लोकरीच्या जनावरांची, छोटी पैदास सुरू करू शकू का, असं तुम्ही विचारलंय. करू शकाल. आम्ही इथे व्हिक्टोरिया राज्यातच नऊ वर्षं करतोय. फक्त सुरुवातीलाच गाभण माद्या आणू नका.

कारण नर. निम्मी पिल्लं नर निघतात आणि पैदाशीला त्यातले अगदी मोजके लागतात. उरलेले खच्ची करून विकायचे, तेही जोडीने, कारण एकटा अल्पाका झुरतो. त्यांना मादीच्या मानाने फार कमी भाव येतो. कोल्ह्यांपासून कोकरं राखायला मेंढीवाले घेतात, पण ते गिऱ्हाईक आधी शोधून ठेवावं लागतं. आम्ही ठेवलं नव्हतं. चौथ्या वर्षी आमच्याकडे सात नर नुसते चरत होते आणि चारा विकत आणावा लागत होता.

शिवाय वाढ संथ असते. मादी साधारण साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. ते मादी निघालं तरी फळवण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. कच्ची लोकर विकून आमचा कातरणीचा खर्चही धड निघत नाही. मी सूत करून घेते आणि आठवडी बाजारात विकते, तेव्हा कुठे हातात काही राहतं.

म्हणून पहिलं वर्ष तीन खच्ची नर पाळा. जागेचा पीआयसी क्रमांक, म्हणजे जनावरं पाळण्याच्या जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक, त्याआधी काढा. वर्षभरात नखं कापणं, पाच रोगांवरची ‘फाइव्ह-इन-वन’ लस टोचणं, जंतांसाठी लेंड्या तपासून घेणं हे हातात बसेल. हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन चुकवू नका. हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांच्या उंचावरच्या कडक उन्हातले प्राणी. इथल्या ढगाळ हिवाळ्यात वाढत्या पिल्लांची, त्यातही गडद रंगाच्या पिल्लांची, हाडं कमकुवत होतात. उन्हाळा सरताना रायग्रासच्या कुरणावर मान थरथरताना दिसली, तर त्या गवतातल्या बुरशीची बाधा समजा. कळप लगेच दुसरीकडे हलवा आणि वाळलेलं चांगलं गवत घाला.

मग दुसऱ्या वर्षी दोन-तीन माद्या. नर विकत घेऊ नका, फी देऊन दुसऱ्याचा आणा. माझ्या आजोबांकडे साताऱ्याला गाई होत्या, त्यामुळे मी माजाची वाट बघत बसले होते. अल्पाकाला तसा माज येतच नाही, नर लागल्यावरच तिचं बीज सुटतं. दोनेक आठवड्यांनी पुन्हा नर दाखवायचा. मादी थुंकून त्याला हाकलू लागली तर बहुधा गाभण आहे, खात्री सोनोग्राफीने करायची.

अल्पाका बहुतेक दिवसाउजेडी वितात, सकाळपासून दुपारपर्यंत. डोंगरात रात्रीच्या गारठ्याआधी पिल्लू सुकायला हवं, म्हणून तशी घडणच आहे. आमची एक मादी जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुपारी चारला अस्वस्थ झाली. मला वाटलं, आता उद्याच. ती अंधार पडल्यावर पावसात व्याली आणि सकाळी पिल्लू थंडगार पडलेलं होतं. त्याची आठवण अजून जात नाही. आता आम्ही वीण वसंतात येईल असं बघूनच फळवतो, आणि उशिरा कळा दिसल्या तर लगेच डॉक्टरांना फोन करतो. पिल्लाला पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. त्यानंतर रोज वजन करा. पहिल्या एक-दोन दिवसांनंतरही ते वाढत नसेल तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

मुलांना एक गोष्ट आधीच समजावा. नर पिल्लाला बाटलीने पाजून, कुरवाळून वाढवलं तर ते माणसालाच आपल्या कळपातलं समजतं, आणि मोठं झाल्यावर अंगावर येतं, छातीने ढकलतं. बाटली लागलीच तर पाजा आणि पुन्हा आईजवळ सोडा. मुलांचा जीव गुंततो, माझ्या मुलीचाही गुंतला होता.

या शनिवारी आसपासच्या चार मेंढीवाल्यांकडे जाऊन या. कोकरं राखायला दोन खच्ची नर घ्याल का, एवढंच विचारा. कोणी हो म्हणालं तर माद्यांचं बघू, मला कळवा. कोणीच हो म्हणालं नाही, तर तीन नरांवरच थांबा.