घरातल्या सगळ्यांसोबत बसून पाहावा असा अलीकडे पाहिलेला चित्रपट कोणता? तुमचं मत सांगा.

एकच नाव हवं असेल तर ‘बलगम’. तेलुगू आहे आणि मार्च २०२३ मधला आहे, म्हणजे ताजा म्हणता येणार नाही. पण मी तो आत्ता पाहिला, आणि त्यानंतर जे जे पाहिलं त्याला नकळत त्याचंच माप लावत बसले. तुम्ही भाषेची अट घातलेली नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. इथे गल्लीत मराठीइतकंच तेलुगू कानावर पडतं. मागावरच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली मंडळींच्या कितीतरी पिढ्या इथेच झाल्या. शेजारच्या अक्कांकडे टीव्हीवर लावला होता, मला बोलावून घेतलं. मी सबटायटल लावा म्हणाले, तर अक्का म्हणाल्या, “ते वाचत बसलीस तर माणसांकडं कधी बघशील? मी सांगते की.” आणि खरंच अर्ध्याअधिक ठिकाणी त्यांनाही सांगावं लागलं नाही.

गोष्ट एवढीशी आहे. तेलंगणातल्या एका खेड्यात कोमुरय्या नावाचा म्हातारा आहे, गावभर चेष्टामस्करी करत हिंडणारा. घरात नातवाचं लग्न ठरतंय. नातू सायलू कर्जात बुडालेला, हुंड्याच्या पैशातून देणी फेडायची असा त्याचा हिशेब. तेवढ्यात म्हातारा जातो. तिसऱ्या दिवशी नैवेद्य ठेवतात आणि कावळा शिवत नाही. आता हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का? पानापासून लांब उभी राहिलेली माणसं, वर झाडाकडे लागलेल्या नजरा, कुणाला काय आठवेल ते कबूल करत सुटणं, “धाकट्याकडं आम्ही बघतो, काळजी करू नका” म्हणत जोडलेले हात... दहाव्याला आपल्याकडे जे जे होतं ते सगळं तिथे आहे. म्हाताऱ्याला आवडायचं म्हणून मटण ठेवून होतं, दारू ठेवून होते. कावळा येतो, बघतो, उडून जातो. गावात कुजबुज सुरू होते आणि घरातली जुनी भांडणं एकेक करून वर येऊ लागतात.

त्यातलं मोठं भांडण आहे नळीच्या हाडावरून. जेवणाच्या पंगतीत मेहुण्या-भावजींत वादावादी झाली आणि त्यापायी घरच्या लेकीचं माहेर वीस वर्षं तुटलं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कुठल्याही घरात विचारा, भावंडांचं बोलणं कशावरून बंद झालं ते. जमिनीच्या वाटण्या असतातच, पण बोलणं बंद होण्याचा दिवस असाच एखाद्या ताटावरचा असतो. आमंत्रण वेळेवर आलं नाही, पाहुण्याला पान उशिरा वाढलं, मानाची साडी हलकी निघाली.

अक्कांच्या सासूबाई विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पानं आणि तंबाखू. त्यांचा हात नजरेशिवाय चालतो. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. डोळे टीव्हीवर आणि बोटं आपली चालूच. लेक माहेरच्या दारात येते त्या प्रसंगाला ती बोटं थांबली. अर्धी वळलेली विडी तशीच हातात. प्रसंग संपेपर्यंत त्यांनी दोऱ्याला हात लावला नाही. नंतर म्हणाल्या, आमच्याकडचंच बोलतात सगळे. दिग्दर्शक वेणू येल्दंडी तेलंगणातल्या सिरसिल्ल्याकडचा आहे, आणि सिरसिल्ला हे आपल्या सोलापूरसारखंच यंत्रमागाचं गाव. बोली त्यांना माहेरची वाटली ती यामुळेच.

शेवटाकडे बुडगा जंगम या भटक्या गायक समाजातले कलावंत येतात आणि गेलेल्या माणसाचं गाणं गातात. ते गाणारे मोगिलय्या आणि त्यांच्या पत्नी कोमुरम्मा हे खरोखरचे लोककलावंत. मोगिलय्या डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्या गाण्यात काय होतं आणि कावळा शिवतो की नाही, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते की तेलंगणातल्या गावागावांत लोकांनी चौकात पडदे लावून हा चित्रपट एकत्र बसून पाहिला, आणि तो संपल्यावर अबोला धरलेले भाऊ एकमेकांशी बोलल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मला त्यात काडीचीही अतिशयोक्ती वाटत नाही.

मला यातलं सगळ्यात काय भावलं असेल तर दिग्दर्शकाचा धीर. त्याने एक रीत धरली आणि तिसऱ्या दिवसापासून अकराव्यापर्यंत ती सोडली नाही. कुणी भाषण करत नाही, कुणाला शहाणपण शिकवत नाही. हुंड्याच्या आशेवर बसलेला सायलू चांगला की वाईट, हेही तो आपल्यावर सोडतो.

असाच धीर मराठीत मला ‘स्थळ’मध्ये दिसला. जयंत सोमलकरांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गाजला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता, तिला शिकायचंय, आणि एकामागून एक स्थळं येताहेत. पाहुणे येतात, पाय धुतात, ओळीने बसतात, पोहे येतात, मुलगी येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा पाहुणे, पुन्हा पोहे, पुन्हा तेच प्रश्न. काहींना हा तोचतोचपणा कंटाळवाणा वाटला. मला वाटतं तोच या चित्रपटाचा प्राण आहे. पहिल्या खेपेला आपण पाहुण्यांकडे बघतो, दुसऱ्या खेपेला सविताकडे, आणि नंतर नंतर तिच्या आईवडिलांच्या तोंडाकडे. कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न हे दोन्ही एकाच वहीत मांडलेलं घर आहे ते. नंदिनी चिकटेने सविता फार कमी बोलून उभी केलीय. मुलीला दाखवण्याचा कार्यक्रम ज्या घरांत अजून होतो (आणि आपल्याकडे तो सर्रास होतो), त्या घरातल्या पुरुषांनी हा आधी बघावा. तुमच्या घरात लग्नाची मुलगी असेल तर तिच्याशेजारी बसून बघा.

‘दशावतार’बद्दल मात्र माझं मत अर्धं-अर्धं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लागला तेव्हा आम्ही सगळे थिएटरला गेलो होतो. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी जे केलंय ते बघायला तिकीट काढावंच. बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट, नजर अधू होत चाललीय, मुलगा माधव म्हणतो आता बास करा. रंगपटातला म्हातारा, तोंडावर चढणारा रंग, आणि रंग चढला की ताठ होणारा कणा! त्या वेळी सबंध थिएटर गप्प होतं. बापलेकाचं नातंही गोड आहे, उगाच रडवत नाही. पण उत्तरार्धात गावात येऊ घातलेल्या खाणीवरून गोष्ट सूडाकडे वळते आणि चित्रपटाला एकदम घाई होते. खाणीचा प्रश्न कोकणासाठी किती मोठा आहे! त्यासाठी गावातली माणसं, त्यांच्यातले मतभेद, पैशाची ओढ हे सगळं दिसायला हवं होतं. त्याऐवजी खलनायक भडक होत गेले. ज्या दिग्दर्शकाने पूर्वार्धात एका माणसाच्या रंगभूषेला इतका वेळ दिला, त्याने गावालाही तेवढा वेळ द्यायला हवा होता, अशी माझी तक्रार आहे. आमच्या घरात यावर वाद झाला. मुलांना उत्तरार्धच जास्त आवडला, आणि मोठ्या पडद्यावर तो रंगतो हे मलाही मान्य आहे.

तेव्हा घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही असतील, तर आधी ‘बलगम’ लावा. अ‍ॅमेझॉन प्राइमवर मी तरी तो पाहिला. दारू आणि मटणाचे प्रसंग आहेत, पण मुलांसमोर मान खाली घालावी असं काही नाही. तेलुगू येत नसेल तर सबटायटल लावा, पहिली दहा मिनिटं नेटाने वाचा, पुढे वाचायची फारशी गरज पडत नाही. आणि भावकीत कुणाशी अबोला असेल, तर शक्य झाल्यास त्यांनाही बोलवा.