जुन्या ट्रॅक्टरचे मंद दिवे

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरचे पुढचे दिवे मंद जळतात आणि मागे कामाचा दिवा जोडल्यापासून स्विच तापतो. संपूर्ण वायरिंग बदलावी का?

उत्तर : आधी अर्थिंग, म्हणजे दिव्याकडून ट्रॅक्टरच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी, तपासावे. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून, दिव्याची धातूची बॉडी आणि बॅटरीचे अर्थचे टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर धरावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास दोष गंजलेल्या किंवा रंगाने झाकलेल्या जोडात आहे, आणि तो खरवडून स्वच्छ करणे वायर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. (बल्ब बदलून पाहण्याचा मोह बहुतेकांना होतो!)

स्विच तापण्याचे कारण वेगळे आहे. 55 वॅटचे तीन दिवे 12 व्होल्टवर जवळपास 14 अँपिअर प्रवाह घेतात, आणि तो सगळा जुन्या स्विचमधून जाणे योग्य नाही. म्हणून पुढच्या व मागच्या दिव्यांसाठी स्वतंत्र रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विद्युत स्विच) बसवावेत, म्हणजे स्विचवर केवळ रिलेच्या कॉइलचा अल्प भार राहील. प्रत्येक शाखेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. वायरचे इन्सुलेशन कडक होऊन तडकले असेल, तरच सगळी वायरिंग बदलावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे अर्थचे टर्मिनल काढावे. काही जुन्या ट्रॅक्टरांत ते पॉझिटिव्ह असते, हे ध्यानात ठेवावे.