रिकाम्या न्यायालयातला कॅमेरा

प्रश्न : ‘फॅन्ड्री’ (२०१३) आणि ‘कोर्ट’ (२०१४) हे चित्रपट गेल्या आठवड्यात लागोपाठ पाहिले. पहिल्याने झोप उडवली. दुसरा मात्र रेंगाळल्यासारखा वाटला. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ‘कोर्ट’ प्रथम पाहताना मीही दोनदा घड्याळ पाहिले होते. ‘फॅन्ड्री’त डुकरामागे धावणारा शाळकरी जब्या राष्ट्रगीत कानी पडताच जागीच थबकतो आणि डुक्कर निसटते, तेव्हा आपल्याला हसू येते व लगेच त्या हसण्याची लाजही वाटते, दिग्दर्शक नागराज मंजुळे प्रेक्षकाला असे थेट गाठतात. ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांची रीत निराळी आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटल्यात सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे एकसुरात वाचत राहतात आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, हे सावकाश दाखवल्यामुळेच त्यांचा राग धड करता येत नाही. पुढे न्यायालयातले दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा हलत नाही. चित्रपट इथेच संपला असे वाटते, तोच सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात, आणि ते एकाला चापट मारून पुन्हा डोळे मिटतात.