सिम्युलेशन (संगणकावरचे हलते प्रयोग) दाखवून मुलांना विज्ञान खरंच समजतं का, की नुसती बघत बसतात?

तुम्ही लिहिलंय की शाळेत प्रोजेक्टर आलाय, सर सगळं पडद्यावर दाखवतात, मुलं खूश असतात, पण पेपरात उजेड पडत नाही. मी नागपुरात ८वी ते १०वीला विज्ञान शिकवतो, आणि माझ्या वर्गातही पहिलं वर्ष असंच गेलं. मी दाखवायचो, पोरं "वाऽ सर" म्हणायची, तास संपायचा.

आता सिम्युलेशन सुरू करण्याआधी मी अंदाज लिहून घेतो. उदाहरणार्थ, बल्बच्या आधीच्या तारेत करंट जास्त की नंतरच्या? वहीत पेनानं लिहायचं, खाडाखोड चालणार नाही. निम्म्याहून जास्त मुलं "आधीच्या" असं लिहितात, कारण "बल्बनं थोडा खाल्ला नं सर." मग 'फेट'मधलं सर्किट उघडतो, बल्बच्या दोन्ही बाजूंना करंट मोजणारा अ‍ॅमीटर लावतो. आकडा तोच! स्वतःचं उत्तर वहीत चुकलेलं दिसलं की मूल भांडायला उठतं आणि तिथून तास सुरू होतो. (फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा संच, २००२ मध्ये कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानं सुरू केलेला. फुकट आहे आणि डाउनलोड करून ठेवला तर नेट गेलं तरी चालतो.)

पण त्याच सर्किटनं मला तोंडघशीही पाडलं. चाचणीत एकीनं लिहिलं, "इलेक्ट्रॉन निळे व गोल असतात." दुसऱ्यानं लिहिलं की बटण दाबलं की ते धावत बल्बपाशी पोचतात. चूक माझी, पडद्यावर तसंच दिसतं ना! खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत. बल्ब लगेच लागतो, कारण विद्युत क्षेत्र जवळजवळ तत्काळ तारभर पोचतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच हलू लागतात. तेव्हापासून प्रत्येक सिम्युलेशननंतर एक प्रश्न ठरलेला: "या चित्रात खोटं काय आहे?"

आणि जे हातानं होतं ते हातानंच करू द्या. सेल, होल्डर, वायर सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतं. खरा बल्ब लागत नाही, होल्डर ढिला असतो, सेल उतरलेला असतो. हे शोधण्यातच अर्धी वीज शिकून होते.

पडदा लागतो तो डोळा पोचत नाही तिथं. आपल्याकडचंच घ्या. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर, म्हणून शून्य सावलीचा दिवस (सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो) वर्षातून दोनदा येतो: २६ मेच्या आणि १७ जुलैच्या आसपास. मे महिन्यात शाळा बंद, जुलैत ढग. मग स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नागपूर निवडायचं, २६ मे टाकायचं आणि विचारायचं, सूर्य डोक्यावर किती वाजता? सगळे म्हणतात १२. पडद्यावर येतात १२ वाजून १० मिनिटं. "घडी चुकली का सर?" नाही रे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७९ च्या जरासे पूर्वेला. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण १४ मिनिटं उशीर. मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. हा हिशेब फळ्यावर मुलांनीच केला, मी फक्त खडू दिला.

सुट्टीचा गृहपाठ: गच्चीवर बाटली उभी करा, १२ पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. गेल्या वर्षी तिघांनी फोटो पाठवले. एकाच्या फोटोत १२:११ ला सावली बाटलीच्या बुडाखाली गडप. चौथ्यानं निरोप पाठवला, "आजी म्हणते ४५ डिग्रीत गच्चीवर जायचं नाही."