पॉवर दिल्यावर बोर्ड बूट होतो, रीबूट केला की मरतो. यू-बूटमधला (लिनक्सच्या आधी चालून त्याला लोड करणाऱ्या प्रोग्राममधला) फ्लॅश ड्रायव्हर बदलू का?

एवढ्यात नका बदलू. तुम्ही म्हणताय की १६ एमबीच्या फ्लॅश चिपवर (बूटचा कोड साठवणाऱ्या) सगळं ठीक होतं, ३२ एमबीची डब्ल्यू२५क्यू२५६ लावल्यापासून लिनक्समधून रीबूट केलं की सीरियलवर एक अक्षर येत नाही, आणि प्लग काढून लावला की बोर्ड उठतो. यू-बूटचा बॅनरही दिसत नाही, म्हणजे तो लोडच झालेला नाही. मागच्या खेपेला ड्रायव्हर चिपला कुठल्या अवस्थेत सोडून गेला, ते शोधायचं.

तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. पुढचं वाचायला ड्रायव्हर बी७ कमांड देऊन चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकतो. रीबूटला प्रोसेसर रीसेट होतो, पण चिपची पॉवर जात नाही, त्यामुळे ती त्याच मोडमध्ये राहते. बूट रॉम (प्रोसेसरमधला कायमचा पहिला कोड) बिचारा जुन्या सवयीने वाचनाची ०३ कमांड आणि तीन बाइटचा पत्ता पाठवतो. चिप चौथा बाइट येईपर्यंत थांबते. डेटा एक बाइट सरकतो, हेडर जुळत नाही आणि रॉम तिथेच गप्प.

खात्री करायची तर लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर (पिनांवरचे सिग्नल टिपणारं उपकरण) आणा आणि रीबूटनंतरचं पहिलं वाचन पकडा. क्लॉक जास्त असेल तर स्वस्तातला पुरणार नाही, हे आधीच सांगतो. सीएस (चिप निवडणाऱ्या) पिनला आधी प्रोब लावा, बाकीचं नंतर.

पक्का इलाज हार्डवेअरचाच: प्रोसेसरचा रीसेट चिपच्या रीसेट पिनला जोडा. सोळा पायांच्या पॅकेजला ती पिन वेगळी असते. बोर्ड आधीच छापून झाले असतील तर डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) ‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ टाका, म्हणजे लिनक्स बंद होताना चिपला तीन बाइटवर परत आणेल. पण वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट मारला तर हा कोड चालतच नाही. शेतात किंवा खांबावर बसणाऱ्या बोर्डाला ही मलमपट्टी मी लावणार नाही.

मोड न बदलता चार बाइटच्या वेगळ्या कमांड वापरणं हा आणखी एक मार्ग. इथे मात्र चिप खरेदी करताना डोळे उघडे ठेवा. डब्ल्यू२५क्यू२५६च्या जेव्ही प्रकारात लिहिण्या-पुसण्याच्या अशा कमांड आहेत, एफव्हीमध्ये नाहीत, आणि जेडेक आयडी (चिपचा ओळख क्रमांक) दोघींचा एकच: ईएफ ४० १९. लिनक्स एसएफडीपी टेबलवरून (चिपमध्येच साठवलेल्या तिच्या क्षमतांच्या माहितीवरून) फरक ओळखतो. तुमच्या यू-बूटमध्ये ती तपासणी आहे का ते बघा. तुमच्या चिपवर एफव्ही छापलंय की जेव्ही, तेवढं कळवा.