विद्यार्थ्यांना संकटकालीन हस्तक्षेप आणि ताण-व्यवस्थापन कसे शिकवावे?

समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यावर पाठवण्यापूर्वी दोन दिवसांच्या कार्यशाळेत या विषयातले काय शिकवावे, असे आपण विचारले आहे. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याला मार्गदर्शन करते. त्या दोन दिवसांतला मोठा वाटा 'जीव द्यावा असं मनात येतं का?' हा एकच प्रश्न विचारण्याच्या सरावाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिद्धान्ताला सकाळचे एक सत्र पुरते. बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबच्या आगीतील मृतांच्या नातेवाइकांवर मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये लिहिलेला निबंध आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतील 'पाहा, ऐका, जोडून द्या' हे सूत्र एवढे त्यात यावे. आघातानंतर लगेच माणसाला सगळा प्रसंग तपशीलवार सांगायला लावू नये, हे मात्र ठासून सांगावे, कारण 'बोलते केले की मन मोकळे होते' या समजुतीपायी उत्साही विद्यार्थी नेमके तेच करू पाहतात.

उरलेला वेळ रोल-प्लेला, म्हणजे भूमिका वठवून करायच्या सरावाला द्यावा. समोर बसलेला शेतकरी म्हणतो, "आता काही राम उरला नाही," आणि विद्यार्थिनी पटकन म्हणते, "असं बोलू नका काका, सगळं नीट होईल." तिथेच थांबवावे. धीर देण्याच्या या घाईने समोरच्याचे बोलणे तुटते. तिने "काका, जीव द्यावा असं मनात येतं का?" हे वाक्य आवाज न चोरता, नजर न टाळता म्हणावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून दिसलेले आहे. तरीही हे शब्द तोंडातून निघेपर्यंत विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा सराव करावा लागतो, आणि हा अडखळा गावात किंवा वॉर्डात जाण्याआधी वर्गातच संपलेला बरा.

उत्तर 'हो' आले, तर पुढे सुरक्षितता आराखडा तयार करायचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या या पद्धतीत धोक्याची चाहूल, स्वतःला सावरण्याचे उपाय, जवळची माणसे, तज्ज्ञांची मदत आणि घर सुरक्षित करणे हे सारे त्या व्यक्तीच्याच शब्दांत कागदावर उतरते. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे: कीटकनाशक घरात कुठे असते, ते कोणाकडे ठेवता येईल, किल्ली कोणाजवळ राहील, इतक्या बारकाईने हे ठरले पाहिजे. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकते, हेही विद्यार्थ्याला घरच्यांना समजावून सांगता आले पाहिजे.

ताण-व्यवस्थापनाचे वेगळे व्याख्यान ठेवू नये, असे मला वाटते. दीर्घ श्वसन आणि पाय जमिनीवर टेकवून भोवतालच्या वस्तूंकडे लक्ष नेण्याचा सराव प्रत्येक रोल-प्लेनंतर सर्वांनी मिळून करावा, म्हणजे तो अंगवळणी पडतो. परंतु विद्यार्थ्यांचा खरा ताण श्वसनाने उतरत नाही. "मी निघून आल्यावर त्यांनी काही केलं तर?" या विचाराने त्यांची झोप उडते, आणि त्यावर संस्थेने व्यवस्थाच लावावी लागते: गंभीर प्रसंगानंतर त्याच दिवशी मार्गदर्शकाशी बोलणे बंधनकारक असावे, पुढचा निर्णय मार्गदर्शकाने घ्यावा, आणि 'हे कोणालाही सांगणार नाही' असे वचन विद्यार्थ्याने कधीही देऊ नये, कारण जिवाला धोका असताना गोपनीयतेला मर्यादा असते आणि ती सुरुवातीलाच सांगायची असते.

कार्यशाळा संपताना प्रत्येकाकडे एक कार्ड द्यावे. त्यावर मार्गदर्शकाचा क्रमांक, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा पत्ता आणि मराठीतही चोवीस तास मोफत बोलता येणाऱ्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असावा, आणि तो क्रमांक लावून मदत कशी मागायची याचाही सराव वर्गातच करून घ्यावा.